आधी ओळखा, मग मारा: नॅनोकणांच्या शंभर वर्षे आधी हे सुचलेले पॉल एर्लिख कोण होते?

साखरेचा लेप दिलेले धातूचे नॅनोकण जिवाणू शोधतात आणि मारतातही. प्रयोगशाळांतल्या या नव्या तंत्रामागचा विचार मात्र जुना आहे.

जर्मन डॉक्टर पॉल एर्लिख यांचा जन्म १८५४ चा. ठरावीक रंग ठरावीक पेशींनाच चढतात, हे त्यांनी हेरले. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू शोधताच तो रंगवण्याची सुधारित पद्धत एर्लिख यांनी दिली. पुढे त्यांच्याच थुंकीत हे जिवाणू सापडले. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले.

रंग जिवाणूलाच चिकटतो, तर विषही त्यालाच का चिकटू नये, हा त्यांचा पुढचा प्रश्न. १९०८ मध्ये त्यांना रोगप्रतिकारशक्तीच्या संशोधनासाठी नोबेल मिळाले. १९०९ मध्ये सहकारी सहाचिरो हाता यांच्या चाचण्यांत आर्सेनिकचे ६०६ क्रमांकाचे संयुग सिफिलिस या गुप्तरोगाच्या जिवाणूवर लागू पडले. १९१० मध्ये ते साल्व्हर्सान नावाने बाजारात आले.

औषधाचे दुष्परिणाम होते, आरोपही झाले. १९१२ मध्ये त्यांनी सुधारित औषध आणले. १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

नॅनोकणांत रंगाचे काम साखर करते. ई. कोलाय जिवाणू मॅनोज या साखरेला चिकटतो. तो जवळ आला की चांदीसारखा धातू त्याला मारतो. अँटिबायोटिक्स निष्प्रभ ठरू लागल्याने एर्लिख यांची वाट पुन्हा महत्त्वाची ठरली आहे.