कोपऱ्यातले गोणपाट

इंदूरजवळील महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमरावांचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब साताऱ्यास राहावयास गेले व ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले.

इतर मुले आपापल्या क्रमांकाने बसत. भीमरावांना मात्र घरून आणलेले गोणपाट पसरून एका कोपऱ्यात बसावे लागे. शाळा झाडणारा गडीदेखील त्या गोणपाटास शिवत नसे. म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यावे लागे. तहान लागली की इतर मुले गुरुजींना विचारून नळावर जात. भीमरावांसाठी शिपायाने तोटी सोडावी लागे. शिपाई नसला की पाणी नाही. त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी मात्र मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातील भाजीभाकर त्यांना देत. ती माया ते जन्मभर विसरले नाहीत.

महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस गेले. १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा पारशांच्या धर्मशाळेतून त्यांना हाकलून देण्यात आले. त्यांनी एका ख्रिस्ती मित्राकडे आसऱ्याविषयी विचारून पाहिले. पत्नी दुसऱ्या दिवशी येणार होती. तिला विचारून सांगतो, असे मित्र म्हणाला. पतिपत्नी मूळचे ब्राह्मण. पतीचे मन उदार झाले होते, पण पत्नीचे सोवळे सुटले नव्हते. आंबेडकर काय ते समजले. पाच तास कमाठी बागेत काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

हा प्रसंग आपणां ख्रिस्ती लोकांना खाली मान घालावयास लावणारा आहे. बाप्तिस्म्याने नाव बदलले, परंतु लहानपणी अंगवळणी पडलेली शिवाशिव घरात तशीच राहिली.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष हेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

परंतु सतरंजीच्या टोकाला एकटे बसलेले मूल कायद्याला दिसत नाही. ते शिक्षकालाच दिसते. येत्या रविवारी शब्बाथ शाळेत आपण एवढे पाहू या : कोणाजवळ कोणी बसत नाही? कोणाचा खाऊ कोणी घेत नाही? त्या मुलाला नावाने हाक मारून मध्ये बसवू या. लेकरांना आपल्याजवळ येऊ देणाऱ्या प्रभूचे आपण सेवक आहोत.