पाचगणीचा फारुख, जगाचा फ्रेडी

रॉक संगीताच्या इतिहासात अढळ स्थान मिळवणाऱ्या ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारुख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील बोमी ब्रिटिश वसाहतीच्या कचेरीत रोखपाल होते. आठव्या वर्षी फारुखची रवानगी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाली. तेथेच तो पियानो शिकला, मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद त्याने उभा केला आणि ‘फ्रेडी’ हे नावही त्याला तेथेच चिकटले.

१९६४च्या झांझिबार क्रांतीनंतर बलसारा कुटुंबाने इंग्लंड गाठले. ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकलेल्या फ्रेडीने १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह ‘क्वीन’ची स्थापना केली. बँडचे बोधचिन्हही त्यानेच रेखाटले. १९७१ मध्ये बासवादक जॉन डीकन आल्यावर चौकडी पूर्ण झाली.

१९७३ ते १९९१ या काळात या चौघांचे १४ स्टुडिओ अल्बम निघाले. चौघेही गीतकार आणि संगीतकार, हे ‘क्वीन’चे वेगळेपण. तरीही फ्रेडीचा ठसा ठळक आहे. १९८१च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’च्या ब्रिटिश आवृत्तीतील १७ पैकी १० गाणी त्याची आहेत. १९७५ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ जवळपास सहा मिनिटांचे. एवढे लांब गाणे रेडिओवर वाजणार नाही, अशी धास्ती व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले.

चौघे गीतकार म्हटल्यावर श्रेयावरून आणि मानधनावरून कुरबुरी होणे अटळच होते. अखेर १९८९च्या ‘द मिरॅकल’पासून प्रत्येक गाणे ‘क्वीन’च्या नावावर प्रसिद्ध करण्याचा निर्णय झाला. एव्हाना फ्रेडीला एड्सने ग्रासले होते. बाहेर मात्र त्याची वाच्यता नव्हती.

फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘इन्युएन्डो’ प्रसिद्ध झाला, तरी फ्रेडी थांबला नाही. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील स्टुडिओत, शरीर साथ देईनासे झाले असताना, तो शक्य तितके गाऊन ठेवत होता. ‘मदर लव्ह’ हे त्याचे अखेरचे ध्वनिमुद्रण. त्याचे शेवटचे कडवे गायचे राहून गेले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी, लंडनच्या राहत्या घरी त्याची प्राणज्योत मालवली. अंत्यसंस्कार पारशी धर्मविधीनुसार झाले.

मागे उरलेल्या तिघांनी त्या ध्वनिफितींवर काम करून १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ पूर्ण केला. ‘क्वीन’च्या गीतभांडाराचे हक्क सोनी म्युझिकने सुमारे एक अब्ज पौंडांना घेतल्याचे वृत्त जून २०२४ मध्ये झळकले. त्याच भांडारात ‘मदर लव्ह’ही आहे. फ्रेडीच्या हातून अपुरे राहिलेले त्यातले कडवे ब्रायन मे याने गायले आहे.