पंडिता रमाबाई: पुण्याचा रोष आणि चर्चचा दबाव सोसूनही त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा कशी टिकवली?

ऑगस्ट १८९३. पुण्यातल्या शारदा सदनातून पालक आपापल्या मुलींना घरी घेऊन जात होते. बघता बघता वीस-पंचवीस मुली गेल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी संस्थेच्या सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि ते जाहीरही केले. आरोप एकच होता, तो म्हणजे शिक्षणाच्या नावाखाली इथे विधवा मुलींना ख्रिस्ती केलं जातं.

संस्था चालवणाऱ्या पंडिता रमाबाई तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. बाप्तिस्मा घेऊन त्यांना दहा वर्षं झाली होती. या दहा वर्षांत एका बाजूने पुण्याचा समाज आणि दुसऱ्या बाजूने इंग्लंडमधलं चर्च, अशा दोन्हीकडून त्यांच्या श्रद्धेची झाडाझडती सुरू होती. पुण्याला त्या फार ख्रिस्ती वाटत होत्या आणि चर्चला पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या.

मग ही श्रद्धा टिकली कशी? त्यासाठी आधी त्यांची पहिली श्रद्धा कशी तुटली, ते पाहावं लागेल.

दुष्काळात हरवलेले देव

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान होते. बायकांनी संस्कृत शिकणं पाप मानलं जाण्याच्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला शिकवलं. बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना भागवताचे १८ हजार श्लोक पाठ झाले होते.

घरची संपत्ती संपल्यावर हे कुटुंब पुराण सांगत तीर्थयात्रा करू लागलं. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळाने गाठलं. होतं नव्हतं ते विकून झालं, नवस-उपवास झाले, दानधर्म झाला. तरी १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीण कृष्णाबाईही गेल्या. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

ही भावंडं पुढे काही वर्षं देशभर पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून वाचायला त्यांनी वाळूत खड्डे केले आणि अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. शास्त्रात सांगितलेलं सगळं करूनही देव पावला नाही, ही बोच दोघांच्याही मनात राहिली. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली तेव्हा तिथल्या पंडितांनी विशीतल्या रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण ज्या विद्येबद्दल हा मान मिळाला, त्या विद्येतल्या कर्मकांडावरचा त्यांचा विश्वास तोवर उडाला होता.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी आणि प्रांतही वेगळा, त्यामुळे या लग्नावर बरीच टीका झाली. त्यांच्या घरातल्या पुस्तकांमध्ये रमाबाईंना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. येशूच्या कथेशी त्यांची ओळख अशी झाली. पतीला मात्र हा ओढा पसंत नव्हता. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने मेधावींचा मृत्यू झाला. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, पदरात दहा महिन्यांची मुलगी होती.

पुणं, इंग्लंड आणि बाप्तिस्मा

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या. सुधारकांनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना भारतीय स्त्रियांसाठी स्त्री शिक्षक आणि स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. स्वतः डॉक्टर व्हायचं ठरवून, पुस्तकाच्या पैशांतून तिकीट काढून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या. धर्म बदलणार नाही, असं त्यांनी निघताना सांगितलं होतं.

वाँटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन मठात त्या उतरल्या. तिथले पहिले महिने फार कठीण गेले. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. या धक्क्यानंतर थोड्याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागे दोन गोष्टी ठळक दिसतात. पहिली म्हणजे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी मठातल्या भगिनी चालवत असलेलं काम. अशा बाईला शिक्षा करण्याऐवजी पुन्हा उभं करायचं असतं, हा विचार रमाबाईंना नवा होता. दुसरी म्हणजे नेहेम्या गोऱ्हे यांची पत्रं. मूळचे काशीतले नीळकंठशास्त्री गोऱ्हे स्वतः चित्पावन ब्राह्मण होते आणि ख्रिस्ती झाले होते. शास्त्री घराण्यातल्या माणसाला पडणारे प्रश्न त्यांना आतून माहीत होते.

बातमी पुण्यात पोहोचली आणि कालपर्यंत कौतुक करणाऱ्या वर्तमानपत्रांनी सूर बदलला. जाहीरपणे बाजू घेणाऱ्या थोड्या लोकांमध्ये महात्मा जोतीराव फुले होते. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराची पाठराखण केली.

चर्चशीही वाद

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई सांगेल ते ऐकतील अशी चर्चची अपेक्षा होती. ती लवकरच फोल ठरली. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये शिकताना त्यांचा वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला, त्यात हा संघर्ष स्पष्ट दिसतो.

वादाचे मुद्दे लहानही होते आणि मोठेही. रमाबाईंनी मांसाहार स्वीकारला नाही. भारतीय ख्रिस्ती बाईच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल होता. कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांना रमाबाईंनी शिकवावं असं वाटत होतं. पण पुरुष विद्यार्थ्यांना बाईने शिकवण्याला भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना हा हस्तक्षेप मान्य नव्हता. त्रैक्याच्या सिद्धांतावरही त्यांनी उघड शंका घेतली. धर्मगुरू सांगतात म्हणून नव्हे, बायबलमध्ये सापडेल तेवढंच मानायचं, ही त्यांची भूमिका होती.

सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. रमाबाईंचं म्हणणं असं की, एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती सापडायला आपण धर्म बदललेला नाही.

शारदा सदन: तटस्थतेची परीक्षा

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशी यांच्या फिलाडेल्फियातल्या पदवीदान समारंभाचं. तिथे व्याख्यानं देऊन आणि भारतातल्या उच्चवर्णीय विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून त्यांनी निधी उभा केला. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. संस्थेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, मात्र कोणी स्वतःहून काही वाचलं तर अडवायचंही नाही, अशी अट ठरली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यात आलं. त्या वेळचं पुणं कसं होतं? कात्रजच्या तलावातून नळाने आलेलं पाणी पेठांमधल्या हौदांवर भरायचं आणि कोणाच्या हातचं पाणी चालतं, यावरून माणसाची जागा ठरायची, असं ते शहर होतं. सदन येण्याच्या महिनाभर आधीच, ऑक्टोबर १८९० मध्ये, पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून रानडे, टिळक, गोखले यांच्यासह अनेकांवर पुढे ग्रामण्याचा प्रसंग ओढवला. मिशनऱ्यांकडचा एक कप चहा जिथे चालत नव्हता, तिथे ख्रिस्ती बाईने ब्राह्मण विधवांना घरात ठेवून शिकवणं कितपत चालणार होतं?

सदनात मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई मात्र आपली प्रार्थना लपवून करत नव्हत्या. खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या आणि काहींना त्यांचा धर्म जवळचा वाटू लागला. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. सुधारकांनाही वाटलं की, मुलींवर रमाबाईंचं एवढं वजन असताना ही मोकळीक तटस्थता राहत नाही.

हा आक्षेप अगदीच गैरलागू नव्हता. निराधार मुलगी आपल्या आश्रयदात्या बाईचं अनुकरण करते, तेव्हा ती निवड कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न आजही विचारला जातो. रमाबाईंपुढचा पेच दुसरा होता. दार लावून घेतलं तर संस्था वाचत होती, पण मग जी श्रद्धा लपवावी लागते ती श्रद्धा कसली? त्यांनी दार उघडंच ठेवलं आणि १८९३ चं वादळ अंगावर घेतलं. त्यानंतर पुण्यातल्या उच्चवर्णीय समाजाचा पाठिंबा जवळजवळ संपला. १८९६ मध्ये कर्व्यांनी हिंदू विधवांसाठी वेगळा आश्रम काढला.

याच काळात रमाबाईंच्या आत काहीतरी बदलत होतं. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितलं की, बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्याकडे ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. बुद्धीला पटलेलं मनाला आधार देत नव्हतं. १८९१ च्या सुमारास तो आधार सापडला, असं त्या मानत.

दुष्काळ, प्लेग आणि केडगाव

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपल्या बालपणी घडलेलं सगळं पुन्हा समोर आलं होतं. रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पण पुण्यात प्लेगचं संकट होतं आणि शहरात नव्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला घेतलेली सुमारे १०० एकर जमीन कामी आली. आज कात्रजहून हडपसरमार्गे सोलापूर रस्त्याने निघालं, तर साधारण ६० किलोमीटरवर चौफुल्याजवळ हे गाव लागतं. तेव्हा तिथे उघडं माळरान होतं. सुरुवातीला मुली तंबूत आणि झोपड्यांत राहिल्या.

प्लेगच्या काळातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पुण्यातल्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांचे हाल होतात, असं रमाबाईंनी १८९७ मध्ये वर्तमानपत्रातून जाहीरपणे लिहिलं. सरकारने आरोप फेटाळले, पण विषय लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेला. ख्रिस्ती झाल्या म्हणजे इंग्रजांच्या झाल्या, हा त्यांच्यावरचा नेहमीचा आरोप यामुळे लटका पडतो.

सप्टेंबर १८९८ मध्ये केडगावला 'मुक्ती'ची इमारत उभी राहिली. १९०० च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथल्या स्त्रिया-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणी, छपाई अशी कामं त्याच करत. अंध स्त्रियांसाठी वेगळं सदन होतं, आणि समाजाने पतित ठरवलेल्यांसाठी 'कृपा सदन' होतं. शारदा सदनासारखी तटस्थता इथे नव्हती. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठं आध्यात्मिक जागरण झालं. शेकडो मुली मोठमोठ्याने, रडत, एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या. शिस्तबद्ध उपासनेची सवय असलेल्या अनेक मिशनऱ्यांना हा प्रकार खटकला. रमाबाईंनी मुलींना अडवलं नाही. भारतीय माणूस देवाशी बोलताना इंग्रजासारखाच बोलला पाहिजे, असं त्यांना वाटत नव्हतं. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात आज मुक्तीचं नाव आवर्जून घेतलं जातं.

शेवटचं काम

आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं रमाबाईंनी एका कामाला दिली, ते म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. उपलब्ध भाषांतर संस्कृतप्रचुर आहे आणि खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, असं त्यांचं मत होतं. संस्कृतवर एवढी हुकमत असलेल्या बाईने सोप्या मराठीचा आग्रह धरला. मूळ मजकुरापर्यंत जाण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई मुक्तीतल्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातून झाली.

काम पूर्ण होत आलं असताना सर्वांत मोठा घाव बसला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. वय अवघं ४०. तिने गुलबर्ग्यात मुलींची शाळा काढली होती आणि आईनंतर मुक्तीही तीच पाहणार होती. आई-वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. लहानपणी घरच्यांच्या मृत्यूंनी रमाबाईंची पहिली श्रद्धा मोडली होती. या वेळी त्या पुन्हा भाषांतराच्या कागदांकडे वळल्या. ते संपवून, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी केडगावलाच शेवटचा श्वास घेतला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडलं.

महाराष्ट्राने त्यांना नंतरही बराच काळ दूरच ठेवलं. स्त्री-सुधारणेच्या इतिहासात धर्मांतरामुळे त्यांचं नाव मागे पडलं. १९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. ज्या चर्चने एकेकाळी त्यांना हट्टी ठरवलं, त्या चर्च ऑफ इंग्लंडच्या स्मरणदिनांच्या यादीत आता त्यांचं नाव आहे. केडगावची मुक्ती आजही सुरू आहे आणि निराधार स्त्रिया व मुलं तिथे राहतात.