लाईट गेली आणि विश्वेश्वरय्या भेटले

खडकवासल्याजवळ शिकायचे दोन फायदे. चौपाटीवरचं भाजलेलं कणीस आणि पाऊस. तोटा एकच. पाऊस आला की लाईट जाते आणि लाईटबरोबर होस्टेलचं वायफायही.

आमच्या चार मजल्यांवर मिळून आठ अ‍ॅक्सेस पॉइंट होते. प्रत्येकाचा अ‍ॅडाप्टर वेगळा, जवळच्या सॉकेटमध्ये खोचलेला. एका रात्री मोबाईल चार्ज करायला त्यातला एक मी काढला आणि परत लावायला विसरलो. नेमका तेव्हाच शेजारच्या खोलीतल्या मित्राचा परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला. लेट फी भरून काम निभावलं, पण तोंड दाखवायची लाज वाटली. मग नेटवर्कच्या कामात मदतीला मीच नाव दिलं.

तिथे वायरमन काका भेटले. ते म्हणाले, अरे, धरणाजवळ राहतोस आणि विश्वेश्वरय्या माहीत नाहीत? इंजिनिअर्स डेला फोटोला हार घालतो, तेवढीच माझी ओळख. म्हणून वाचायला घेतलं.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १५ सप्टेंबर १८६१ ला मुद्देनहळ्ळीत जन्मले. वडील लवकर गेले. बंगळुरात शिकवण्या करून ते बी.ए. झाले आणि म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत आले. १८८३ ला परीक्षेत पहिले आले आणि १८८४ ला मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. पहिली नेमणूक नाशिकची.

खडकवासल्याला तेव्हा अडचण अशी होती की पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात तेच कमी पडायचं. भिंत उंच न करता त्यांनी सांडव्यावर दरवाजे बसवले. साल १९०३. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की दरवाजे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. ना माणूस, ना इंजिन. दरवाजा हलवायची ताकद त्या पाण्याचीच! पुढे ग्वाल्हेरजवळच्या टिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही हीच पद्धत वापरली गेली.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरच्या शिवसमुद्रमचं वीजकेंद्र १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज देत होतं. पण उन्हाळ्यात नदी आटली की वीज अडायची. कृष्णराजसागर बांधण्यामागे शेतीबरोबर हेही कारण होतं. थोडक्यात, एवढा मोठा यूपीएसच तो! १९१२ ते १९१८ ते दिवाण होते, १९५५ ला भारतरत्न झाले.

हे वाचून माझी ट्यूब पेटली. पाण्यानेच दरवाजा हलतो, तर ज्या केबलमधून डेटा येतो तिच्यातूनच वीज का नको? ही सोय आधीपासून आहे, नाव पॉवर ओव्हर इथरनेट. २००३ च्या मानकाप्रमाणे स्विचचा एक पोर्ट १५.४ वॅट देतो आणि केबल १०० मीटरपर्यंत चालते. समोरचं यंत्र वीज घेणारं आहे का, हे स्विच आधी तपासतो, मगच वीज सोडतो. आठ पॉइंटना जास्तीत जास्त १२३ वॅट. म्हणजे खाली एक स्विच आणि त्याला एक चांगला यूपीएस, बस्स. आठ ठिकाणी जीव टांगणीला लावण्यापेक्षा एकाच ठिकाणी लक्ष ठेवायचं. सुट्टीत आम्ही ते बसवलं. आता काढायला अ‍ॅडाप्टरच उरला नाही!

पण गोष्ट इथे संपत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खडकवासलाही फुटलं. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. शंभरी पूर्ण करून १४ एप्रिल १९६२ ला ते गेले. कुठलीही यंत्रणा ज्या हिशोबाने बांधली, तेवढंच पेलते. आपोआप चालतं म्हणून तिच्याकडे पाठ फिरवायची नसते.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी यूपीएसचा प्लग मुद्दाम काढतो आणि बॅटरी किती मिनिटं टिकते ते वहीत लिहितो. पुढच्या वर्षी मी नसेन. वही स्विचच्या कपाटातच ठेवली आहे. ज्युनिअर मित्रांनो, पुढची पानं तुमची!