जमशेटजी टाटा : कोळशाकडून विजेकडे

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. पिढ्यानपिढ्या धर्मोपाध्यायांचे काम करणाऱ्या या घराण्यात व्यापाराची वाट प्रथम धरली ती वडील नसरवानजी यांनी. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण १८५८ साली पूर्ण करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत दाखल झाले. पुढे १८६८ मध्ये केवळ २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी स्थापन केली. चिंचपोकळी येथील एक बंद पडलेली तेलाची गिरणी विकत घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली आणि काही काळाने ती फायद्यात विकून टाकली.

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्या काळी गिरणी काढावी तर मुंबईतच, असा सार्वत्रिक समज होता. जमशेटजींनी मात्र निराळा हिशेब मांडला. कापूस पिकवणारा मुलूख जवळ, रेल्वे दाराशी आणि वरोऱ्याच्या खाणींतील कोळसाही फार दूर नाही, हे पाहून त्यांनी नागपूरची निवड केली. गिरणीच्या जमाखर्चात कोळशाचे स्थान किती मोठे असते, याची जाण त्यांना अशी आरंभापासूनच होती.

मुंबईतील गिरण्यांची स्थिती याच्या उलट होती. मुंबईजवळ कोळशाची खाण नाही. बंगालकडील खाणींतून कोळसा आणावयाचा, तोही शेकडो कोसांवरून, आगगाडीने किंवा जहाजाने. मालापेक्षा वाहतुकीचाच भार जड व्हावा, असा हा व्यवहार होता. वाघिणी वेळेवर मिळाल्या नाहीत की गिरणीचा श्वास कोंडत असे. बॉयलर आणि कोळशाचे ढीग मोलाची जागा अडवीत. धुरांड्यांतून निघणारा धूर परळ-लालबागच्या चाळींवर पसरत असे. यंत्रांची रचनाही खर्चिक होती. एका मोठ्या वाफेच्या इंजिनाची गती लांबलचक फिरत्या दांड्यांनी आणि पट्ट्यांनी मजल्यामजल्यांवर पोहोचवली जाई. त्यात बरीच शक्ती घर्षणात वाया जात असे. थोडेच माग चालवावयाचे असले तरी सारा पसारा फिरवावा लागे. इंजिनाचा वेग कमीजास्त झाला की सूत तुटे आणि उत्पादन खाली येई.

या अडचणीवरचा उपाय जमशेटजींना सह्याद्रीत दिसला. घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत अपार पाणी कोसळते. लोणावळ्याच्या परिसरात पडणारे हे पाणी नद्यांवाटे पूर्वेकडे वाहून जाते. ते धरणांत अडवून पश्चिमेकडे, कोकणाच्या बाजूने खाली सोडले, तर त्याच्या वेगावर जनित्रे फिरतील, अशी ही कल्पना होती. डेव्हिड गॉस्लिंग या मुंबईतील वास्तुविशारदानेही या दिशेने विचार केला होता आणि जमशेटजींनी त्याचे साहाय्य घेतले. अमेरिकेत नायगारा येथे १८९५ साली धबधब्यापासून मोठ्या प्रमाणावर वीज निर्माण होऊ लागली होती. म्हैसूर संस्थानातील शिवसमुद्रम येथून १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली. तेव्हा ही कल्पना हवेतली नव्हती. पण मुंबईत तिच्यासाठी पैसा कोण देणार, हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर पाहण्यास जमशेटजी राहिले नाहीत. विजेच्या दिव्यांनी उजळलेले ताजमहाल हॉटेल १९०३ च्या डिसेंबरात सुरू झाले, एवढे त्यांनी पाहिले. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. पोलाद, विज्ञानसंस्था आणि जलविद्युत ही तिन्ही स्वप्ने तेव्हा कागदावरच होती.

थोरले चिरंजीव दोराबजी यांनी वीज कंपनीची स्थापना १९१० साली केली. भांडवलाचा मोठा भाग हिंदुस्थानातूनच उभा राहिला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यास मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली. गिरणीमालक मात्र साशंक होते. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने कसा पुरणार? बॉयलर आणि इंजिनांत गुंतवलेल्या पैशाचे काय करावयाचे? या शंका अगदीच निराधार होत्या असे म्हणता येणार नाही. जुने चालू यंत्र मोडीत काढणे कोणत्याही व्यापाऱ्याला जड जाते.

१९१५ साली खोपोली येथील वीजगृह सुरू झाले. सुमारे ५२५ मीटर उंचीवरून नळांवाटे उतरणारे पाणी चाकांवर आदळू लागले. तेथे निर्माण झालेली वीज उंच मनोऱ्यांवरील तारांवरून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरील मुंबईत पोहोचली. वीज घेणाऱ्या गिरण्यांत बॉयलर थंडावले. यंत्रांना मोटारी जोडल्या गेल्या. गती एकसारखी राहू लागली, सूत तुटणे कमी झाले आणि जेवढे काम तेवढाच शक्तीचा खर्च होऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात जहाजांची आणि वाघिणींची टंचाई होऊन कोळसा दुर्मीळ व महाग झाला. तेव्हा ज्यांनी आधीच वीज घेतली होती, त्यांना आपल्या निर्णयाचे मोल कळले. विजेची मागणी वाढत गेली आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह उभे राहिले.

या विजेची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. मुळशी येथील धरणाखाली मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरे आणि गावे जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व केल्यामुळेच पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले. सत्याग्रहींनी तुरुंगवास सोसला, परंतु धरण थांबले नाही. मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिरा येथील वीजगृह १९२७ साली सुरू झाले.