छंदासाठी बँकेची नोकरी सोडणारे छायाचित्रकार : सॅम्युएल बोर्न

कोलकात्याच्या एस्प्लनेड परिसरातील ‘बोर्न अँड शेफर्ड’ हा स्टुडिओ जगातील सर्वांत जुन्या छायाचित्रण स्टुडिओंपैकी एक मानला जात असे. २०१६ मध्ये तो बंद झाला. या नावातील बोर्न म्हणजे सॅम्युएल बोर्न. छायाचित्रण हा मूळचा त्यांचा केवळ छंद होता.

बोर्न यांचा जन्म १८३४ मध्ये इंग्लंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. पुढे ते नॉटिंगहॅम येथील बँकेत कारकून म्हणून रुजू झाले. फावल्या वेळात त्यांनी छायाचित्रणाचे तंत्र आत्मसात केले. १८६२ च्या लंडन आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे झळकली आणि त्याच वर्षी त्यांनी बँकेचा राजीनामा दिला. १८६३ च्या प्रारंभी ते कोलकात्यात दाखल झाले. छायाचित्रकार विल्यम हॉवर्ड यांच्या भागीदारीत त्यांनी सिमल्यात व्यवसाय सुरू केला. पुढे चार्ल्स शेफर्ड त्यांना येऊन मिळाले आणि हॉवर्ड बाहेर पडल्यावर ‘बोर्न अँड शेफर्ड’ हे नाव रूढ झाले.

त्या काळी छायाचित्रण ही खऱ्या अर्थाने हस्तकला होती. काचेवर कलोडियनचा थर हाताने समप्रमाणात पसरावा लागे. नंतर ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे. चित्र घेताच शेजारच्या अंधाऱ्या तंबूत तिच्यावर प्रक्रिया करणे आवश्यक असे. थर वाळला, की सारी मेहनत वाया जाई.

हे सर्व साहित्य घेऊन बोर्न यांनी हिमालयात तीन मोठ्या मोहिमा केल्या. १८६३ च्या पहिल्या मोहिमेत सुमारे ३० हमाल त्यांच्यासोबत होते आणि १४७ निगेटिव्ह तयार झाल्या. १८६४ मध्ये ते काश्मीरला गेले. १८६६ मध्ये सुमारे १८,६०० फूट उंचीवरील मणिरंग खिंडीत त्यांनी छायाचित्रे घेतली. पुढे सुमारे वीस वर्षे एवढ्या उंचीवर कोणी छायाचित्र घेतल्याची नोंद नाही.

या यशाची दुसरी बाजूही आहे. काचा, रसायने आणि तंबू यांचे ओझे स्थानिक हमालांच्या पाठीवर होते. वाटेत पळून गेलेल्या हमालांना काठीच्या धाकाने परत आणल्याचे बोर्न यांनीच ब्रिटनमधील छायाचित्रणविषयक नियतकालिकात लिहिले आहे. त्यांचे नाव छायाचित्रांवर राहिले. हमालांची नावे मात्र इतिहासात उरली नाहीत.

छंदाला स्थिर व्यवसायाचे रूप मिळाले, ते मात्र शहरांमध्ये. स्टुडिओतील व्यक्तिचित्रे आणि निसर्गदृश्यांच्या प्रतींची विक्री यांवर हा व्यवसाय उभा राहिला. सिमल्यापाठोपाठ कोलकात्यात आणि नंतर मुंबईतही त्याचा विस्तार झाला. १९११ च्या दिल्ली दरबाराची छायाचित्रेही याच संस्थेने टिपली.

बोर्न यांनी स्वतः मात्र १८७० च्या सुमारास भारत कायमचा सोडला. नॉटिंगहॅममध्ये त्यांनी सुताच्या व्यवसायात जम बसवला. छायाचित्रण त्यांच्यासाठी पुन्हा छंद झाले आणि जोडीला जलरंगचित्रणाची भर पडली. एप्रिल १९१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९९१ मध्ये लागलेल्या आगीत एस्प्लनेडच्या स्टुडिओतील बहुतांश जुना संग्रह नष्ट झाला. तथापि, ग्राहकांनी विकत घेतलेल्या प्रती दूरवर पोहोचल्या होत्या. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीसह अनेक संग्रहांत त्या आजही जतन केलेल्या आहेत. उपजीविकेसाठी विकलेल्या या प्रतींमुळेच बोर्न यांची कला टिकून राहिली आहे.