इन्शुलिननंतरचे बेस्ट

इन्शुलिनच्या शोधाबद्दल १९२३ चे नोबेल पारितोषिक फ्रेडरिक बँटिंग व जॉन मॅक्लिऑड यांना जाहीर झाले. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोतील प्रयोगशाळेत बँटिंग यांच्यासोबत अहोरात्र राबलेले चार्ल्स बेस्ट मात्र वगळले गेले. बँटिंग यांनी आपल्या रकमेतील निम्मा वाटा त्यांना दिला. मानाची उणीव राहिलीच.

२७ फेब्रुवारी १८९९ रोजी अमेरिकेतील मेन राज्यात जन्मलेले बेस्ट १९२९ मध्ये मॅक्लिऑड यांच्याच जागी टोरांटो विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. इन्शुलिनने न सुटलेले एक कोडे त्यांनी हाती घेतले. स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्शुलिनवर जगत. पण कालांतराने यकृतात चरबी साठून दगावत. कच्चे स्वादुपिंड खाऊ घातल्यास ते वाचत. लेसिथिननेही तोच गुण येतो, असे आढळले. त्यातील कोलीन हा घटकच यकृतातील चरबी रोखतो, हे बेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये सिद्ध केले.

३१ मार्च १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. कोलीनला अमेरिकेत अत्यावश्यक पोषकद्रव्य म्हणून मान्यता मिळाली ती १९९८ मध्ये, त्यांच्या पश्चात वीस वर्षांनी.